स्पॅनिश सिनेमावर पीएचडी करू पाहणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय मुली,

स्पॅनिश सिनेमातल्या वंशाच्या प्रश्नावरचा तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. सिद्धांतांना बारा पानं आणि सिनेमांना अडीच. हे उलटं कर.

आधी ‘राथा’ या स्पॅनिश शब्दापाशी थांब. तू त्याचं सरळ ‘वंश’ करून टाकलंस. १९४२ साली याच नावाचा चित्रपट आला. त्याची कथा खुद्द स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने हाइमे दे आंद्रादे या टोपणनावाने लिहिली होती. त्यात भर कातडीच्या रंगावर नाही. घराणं, रक्त, कॅथलिक स्पेनचा अभिमान यांवर आहे. १९५० मध्ये संवाद बदलून, फॅसिस्ट सलाम कापून तोच चित्रपट नव्या नावाने पुन्हा दाखवला गेला. दोन्ही प्रती शेजारी लावून बघ. काय काय गळलं ते वहीत टिपून ठेव. महिना गेला तरी जाऊ दे.

मग १९३६ चा ‘मोरेना क्लारा’. हॅम चोरल्याच्या आरोपावरून कोर्टात उभी असलेली त्रिनी ही हिताना, म्हणजे तिथल्या रोमा (जिप्सी) समाजातली मुलगी. कोर्टात तिची जीभ अशी काही चालते की बघणारा तिच्या बाजूचा होऊन जातो. ती साकारणारी इंपेरिओ आर्हेंतिना मात्र ब्युनोस आयर्सला जन्मलेली, हिताना नव्हे. म्हणून ‘खऱ्या हितानांना कामच दिलं नाही’ असं तू लिहिलंस. पण त्याच काळात कार्मेन आमाया ‘मारिया दे ला ओ’ या चित्रपटाची नायिका झाली होती, आणि ती जन्माने हिताना होती. तेव्हा ते वाक्य खोड. कोणाच्या वाट्याला बोलणं आलं नि कोणाच्या वाट्याला नाचणं, हे प्रसंगागणिक मोजून बघ. तुझा खरा प्रश्न तिथे आहे.

स्पेनमधल्या या रोमा लोकांच्या कालो बोलीत पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हरखले होते. पण आपल्या भाषेशी असलेल्या त्या जवळिकीवर प्रकरण उभं करू नकोस. १४२५ पासून ही माणसं स्पेनमध्ये आहेत. त्यांना स्पॅनिश म्हणूनच वाच.

इसाबेल सांताओलाया या प्राध्यापिकेचं समकालीन स्पॅनिश सिनेमातल्या ‘इतरां’वरचं, म्हणजे वेगळ्या वंशाचे मानल्या गेलेल्यांवरचं, २००५ चं पुस्तक नक्की वाच, पण सेनेगलहून आलेल्या मजुराची कहाणी सांगणारा १९९० चा ‘लास कार्तास दे आलू’ आधी बघ. तुझं मत आधी होऊ दे.

नवा मसुदा इतक्यात नको. त्रिनीच्या कोर्टातल्या त्या एका प्रसंगावर दोन पानं लिही. कॅमेरा कुठे आहे, कोण कोणाकडे बघतंय, एवढंच. ती पाठव, मग बोलू.

तुझी,
मॅडम