गाजलेल्या पुस्तकांवर, सिनेमांवर, मालिकांवर परीक्षण लिहायला सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दापोलीकडच्या एका गावात राहता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि लोकप्रिय पुस्तकं, सिनेमे, मालिका, कॉमिक्स यांच्यावर लिहावं असं मनात आहे. पण जे सगळ्यांना आवडलंय त्यावर आपण वेगळं काय लिहिणार, आणि वाईट लिहिलं तर लोक तुटून पडतील, या दोन गोष्टींपाशी अडलाय.

मी देवगड तालुक्यातल्या एका 'क' वर्गाच्या ग्रंथालयात गेली १७ वर्षं ग्रंथपाल आहे. आमच्या दाराशी एक फळा आहे. दर शनिवारी त्यावर मी एखाद्या पुस्तकाबद्दल, कधी सिनेमाबद्दल, पाच-सहा ओळी लिहिते. फळ्यावर त्याहून जास्त मावत नाही. फळा वाचून पुस्तक नेलेला माणूस आठवड्याभरात तेच पुस्तक परत द्यायला माझ्याच टेबलासमोर उभा राहतो, आणि मी लिहिलेलं खरं होतं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला परीक्षण लिहायला जे काही येतं, ते या परत येणाऱ्या माणसांनी शिकवलंय.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी फळ्यावर 'हृदयस्पर्शी', 'खिळवून ठेवणारी', 'प्रत्येकाने वाचायलाच हवी अशी' असंच लिहायचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे होड्यांवरचे काहीजण पुस्तकं न्यायला येतात. त्यातले एक तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, साठीचे, माझ्या 'उत्कंठावर्धक' या शब्दावर विसंबून एक जाडजूड कादंबरी घेऊन गेले. चौथ्या दिवशी परत. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "बाय, ह्या पुस्तकात माणसां कमी बोलतत, लेखकच जास्त बोलता." मी घरी जाऊन ती कादंबरी पुन्हा चाळली. त्यांचं बरोबर होतं. पात्रं गप्प बसलेली आणि लेखक त्यांच्या मनातलं पानंच्या पानं समजावून सांगतोय. हे मला वाचताना जाणवलं होतं, पण मी ते लिहिलं नव्हतं, कारण कादंबरी गाजलेली होती आणि मी माझ्या वाचण्यापेक्षा तिच्या नावावर जास्त विश्वास ठेवला.

तेव्हापासून मी निवाडा शेवटी ठेवते, कधी लिहितच नाही. आधी लिहायचं ते हे, की या पुस्तकात नेमकं काय आहे. कोणाची गोष्ट आहे, कोण सांगतंय, संवाद जास्त की वर्णन, वेग कसा, वाचायला किती संध्याकाळी लागतील. तुम्हाला न आवडलेलं पुस्तकही ज्याला आवडणार आहे, त्याला तुमचं परीक्षण वाचून ते ओळखता आलं पाहिजे. एवढं साधलं की 'सगळ्यांना आवडलंय, मी वेगळं काय लिहू' हा प्रश्न बराचसा सुटतो. लोकांना आवडलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात काय आहे, हे मात्र फार थोडे लोक सांगतात.

एक उदाहरण देते. 'तुंबाड' हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा आमच्याकडे फारसा कोणी पाहिला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्या महिन्यात अकरावीतला एक मुलगा ग्रंथालयात आला नि त्याने श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' मागितली. त्याला वाटत होतं, त्यात सिनेमातला तो राक्षस, हस्तर, असणार. सिनेमाने या कादंबरीचं नाव घेतलंय, गोष्ट घेतलेली नाही. १९८७ साली आलेली ही दोन खंडांची कादंबरी. पोराच्या हातात पहिला खंड देताना मला राहवेना, म्हणून मी एक चिठ्ठी लिहून पहिल्या पानाला चिकटवली: 'यात हस्तर नाही. जगबुडीच्या काठचं एक खोतांचं घराणं आहे, चार पिढ्यांचं. सिनेमात सोन्याची हाव आहे, इथे जमिनीची आणि मानाची. पहिली शंभर पानं माणसांची नाती लक्षात ठेवायला त्रास होईल. कागदावर वंशावळ काढून शेजारी ठेव.' मुलाने पुस्तक नेलं. तीन आठवड्यांनी आला तेव्हा खंडात वहीच्या कागदावर पेन्सिलने काढलेली वंशावळ घडी घालून ठेवलेली होती. आजवर लिहिलेल्या सगळ्यात मला ती चिठ्ठी चांगली वाटते. वाचणारा कोण, तो कुठून आला आणि काय शोधतोय, हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मालिकांचं वेगळं आहे. मालिका संपलेली नसते, त्यामुळे किती भाग पाहून लिहिताय ते आधी सांगून टाका. आणि मालिका एकट्याने बघू नका. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या वाडीत साडेदहाला सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा. चित्रीकरण कुडाळजवळ आकेरीत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. तेव्हा कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते अशी ओरड झाली, आणि पुढे लोक मालिकेतला तोच वाडा बघायला गाड्या करून गेले. या दोन्ही गोष्टी बातम्यांच्या आहेत, त्या नुसत्या सांगून परीक्षण होत नाही. मी शेजारच्या काकींकडे बसून बघायचे. भुताचा प्रसंग आला की काकी निवांत चहा ओतायच्या. वाटणीचा, जमिनीचा विषय निघाला की मात्र टीव्हीचा आवाज वाढवायच्या. मी फळ्यावर तेच लिहिलं, की ही भीतीची मालिका म्हणून विकली जाते, पण आपल्याकडे ती सामायिक घराची मालिका म्हणून बघितली जाते. मुंबईहून मुलगे येतात, म्हातारा गेलाय, सातबारावर नावं कोणाची, हे आपल्यातल्या निम्म्या घरांत चाललेलं आहे. दुसरा भाग २०१९ मध्ये आला, तो आधीच्या काळाचा, तो म्हातारा, म्हणजे अण्णा, जिवंत असतानाचा. तो मला जास्त भावला, कारण तिथे भीती अंधारातून येत नाही, घरातल्या कर्त्या माणसाच्या वागण्यातून येते. तुम्हाला उलट वाटू शकेल. तसं वाटलं तर कुठल्या प्रसंगामुळे वाटलं ते लिहा.

भाषेबद्दल मात्र कोकणातल्या माणसाने लिहायलाच हवं. मालवणी, संगमेश्वरी, तुमच्याकडची दापोलीची बोली, यांतलं पात्र नेमकं काय बोलतंय आणि ते त्याच्या तोंडी बसतंय का, हे पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याला चटकन कळणार नाही. तुमच्या कानाला ते पहिल्या वाक्यात कळतं. बोली फक्त गड्याच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडी घातली असेल, तर तेही स्पष्ट लिहा. मला त्याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

सिनेमा अंधारात बघताना वहीत टिपणं काढायला जाऊ नका, पडद्यावरचं निसटतं. मी घरी येईपर्यंत, म्हणजे एसटीत तास-दीड तास, काही बोलत नाही. घरी आल्यावर जे तीन प्रसंग आपोआप आठवतात तेवढेच लिहून काढते. 'किल्ला' पाहिला तेव्हा मला आठवला तो किल्ल्यावर भर पावसात एकटा पडलेला चिन्मय. वडील गेलेत, आईची बदली झाली म्हणून पुण्याहून इथे आलेला अकरा वर्षांचा मुलगा, आणि बरोबरची पोरं त्याला टाकून निघून गेलेली. सगळीकडे 'नयनरम्य कोकण' असं छापून येत होतं. मला त्या प्रसंगात नयनरम्य काही दिसलं नाही. चिऱ्याच्या भिंतीवरून पाणी ओघळतंय, कोणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही असा पाऊस, आणि मुलाला हे गाव पहिल्यांदा खरोखर परकं वाटतंय. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनाबरोबर कॅमेराही स्वतःच सांभाळलाय, त्यामुळे पाऊस देखावा म्हणून येत नाही, मुलाच्या मनाबरोबर येतो. आपण आयुष्यभर हा पाऊस खाल्लाय. पडद्यावरचा पाऊस खोटा की खरा, हे तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?

कॉमिक्सबद्दल एकच सांगते: चित्रावर लिहा. बहुतेकजण गोष्ट सांगून मोकळे होतात. 'चिंटू'च घ्या, १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेला, पंडित-वाडेकरांचा. तीन-चार चौकटींत कोणाची मान कुठे वळली, शेवटच्या चौकटीत कोण गप्प आहे, यावर सगळी गंमत उभी असते. ती शब्दांत सांगता आली तर परीक्षण झालं.

शेवट फोडायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता वाईट लिहिण्याबद्दल. अनोळखी लोकांच्या रागापेक्षा ओळखीच्या माणसाची भीड जास्त नडते. आमच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतःच्या खर्चाने कादंबरी छापली. मी फळ्यावर गोड-गोड लिहिलं. लागोपाठ चार वाचकांनी ती अर्ध्यावर परत आणली, कोणी काही बोललं नाही. पुढच्या शनिवारी मी फळा पुसला आणि नव्याने लिहिलं: 'बंदरावरच्या लिलावाचं प्रकरण जिवंत आहे, मासळीचा वास येतो. पण पान ८० नंतर नायक भाषणं करू लागतो आणि बाकीची माणसं नाहीशी होतात.' लिहून झाल्यावर दिवसभर पोटात गोळा होता. संध्याकाळी सर आले. छत्री मिटून बराच वेळ फळ्यासमोर उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी स्वतःचंच पुस्तक मागून घेतलं, पान ८० उघडलं आणि मला म्हणाले, "कुठून ते दाखव." मी दाखवलं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि दिवे लागेपर्यंत समासात खुणा करत राहिले.