मणके 33 की 26? परीक्षेत काय लिहायचं?

तुमच्या मुलीच्या पुस्तकात पाठीच्या कण्याचे 33 मणके दिलेत आणि क्लासच्या नोट्समध्ये 26, म्हणून तुम्ही विचारलंय की खरं कोणतं. दोन्ही खरं आहे. 33 हे लहानपणचे मणके, 26 ही मोठेपणी उरणारी हाडं. तिला उत्तरात दोन्ही आकडे लिहू द्या, आणि फरक का पडतो तेही एका ओळीत.

मी पुण्यात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवते. मानेचे 7, पाठीचे 12 आणि कमरेचे 5 असे 24 मणके आयुष्यभर सुटेच राहतात. त्यांच्या खालचे 5 वयात येताना एकमेकांना जुळायला लागतात आणि साधारण पंचविशीपर्यंत त्यांचं एकच त्रिकोणी हाड होतं, त्रिकास्थि. सीनियरकडून घेतलेल्या बोन सेटमधलं, म्हणजे अभ्यासाच्या हाडांच्या संचातलं, त्रिकास्थि हातात घेतलं, की पुढच्या बाजूला चार आडव्या रेघा दिसतात. तेच ते जुने सांधे. शेवटचे चार छोटे मणके मिळून माकडहाड होतं. काहींना तिथे तीन किंवा पाचही असतात, त्यामुळे 33 हा आकडासुद्धा सगळ्यांना लागू पडत नाही.

मला याहून विलक्षण वाटते ती तान्ह्या बाळाची गोष्ट. जन्मताना बहुतेक मणके तीन तुकड्यांत असतात: पुढचा जाड भाग आणि मागच्या कमानीचे दोन अर्ध. मधे कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भाग असतो. आधी कमानीचे अर्ध जुळतात, नंतर कमान पुढच्या भागाला जुळते, आणि सहा-सात वर्षांपर्यंत हे काम उरकतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली लहान मुलं मातीच्या भांड्यांत पुरलेली सापडली. इतक्या लहान सांगाड्याचं वय ठरवताना दातांबरोबर हे तुकडेही पाहतात, कुठले जुळलेत आणि कुठले अजून सुटे आहेत.

आकडा पाठ झाला की मुलीला आकार बघायला सांगा, खरी मजा तिथे आहे. मानेचा पहिला मणका, ॲटलास, नुसतं कडं आहे. त्याला पुढचा जाड भागच नाही. तो भाग गर्भातच दुसऱ्या मणक्याला, ॲक्सिसला जाऊन मिळालेला असतो आणि सुळक्यासारखा वर उभा राहतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरावी तसा ॲटलास डोक्यासकट या सुळक्याभोवती फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एका जोडीत होतं. म्हणूनच या दोघांमध्ये गादी नसते.

पाठीच्या 12 मणक्यांना बरगड्यांच्या 12 जोड्या जोडलेल्या असतात. वरच्या सात छातीच्या हाडाला थेट, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेमार्फत, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. पुरुषांना एक बरगडी कमी असते हे अजूनही लोक सांगतात, ते चूक आहे.

आता तिला स्वतःच्या अंगावर शोधू द्या. हनुवटी छातीकडे झुकवली की मानेच्या बुडाशी जो उंचवटा बोटाला लागतो, तो बहुधा सातवा मणका. मग कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडांवर हात ठेवून मागे एक सरळ रेघ कल्पायची. ती कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर हीच रेघ धरून सुई घालतात, कारण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. तान्ह्या बाळात तो थोडा खाली, तिसऱ्यापर्यंत येतो, म्हणून त्यांना सुई आणखी खालच्या फटीत घालतात.