पियानोवरचे पहिले गाणे कोणते निवडावे?

लहान मुलांसाठी पहिले गाणे निवडताना ते त्यांना तोंडपाठ असणे जितके आवश्यक, तितकेच ते पाच बोटांत मावणेही आवश्यक असते. ‘ट्विंकल ट्विंकल’ सोपे वाटते खरे. परंतु अंगठा ‘सा’वर ठेवल्यास करंगळी ‘प’वर संपते, ‘ध’साठी हात सरकवावा लागतो आणि नवशिके तिथेच अडतात. ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ची ‘ग रे सा रे ग ग ग’ ही सुरुवात आणि पुढचे सारे हात न हलवता वाजते, म्हणून तुम्ही आधी तेच घ्या. प्रथम गाऊन घ्यावे, मग केवळ उजव्या हाताने वाजवून घ्यावे. पट्ट्यांवर अक्षरे चिकटवण्याचा मोह मात्र टाळा, कारण मग काळ्या पट्ट्यांच्या दोन-तीनच्या गटांवरून जागा ओळखण्याची सवय मुलांना लागत नाही. डावा हात आणि नोटेशन पुढे पाहता येईल.