उलटं मोज

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. ‘काका, मी 9:57 ला गेटवर होतो, मुलाखत 10 ची होती, मग उशीर कसा म्हणतात?’ कामात तू कच्चा नाहीस, तेव्हा धीरबीर देत बसत नाही. तू उशिरा पोचलास. चांगला अर्धा तास उशिरा.

पत्रातली 10 ची वेळ खुर्चीत बसायची असते, गेटवर पोचायची नव्हे. घरून किती वाजता निघायचं ते आधी ठरवून तिथून पुढे मोजत गेलास, की आपण वेळेतच आहोत असं वाटत राहतं. खुर्चीपासून घराकडे मोज. उलटं मोज.

कागद घे. 10 ला खुर्ची. त्याआधी 5 मिनिटं घाम पुसायला, पाणी प्यायला: 9:55. कंपनीचा छापील अर्ज भरायला 15: 9:40. गेट आणि तिथून ऑफिसपर्यंतची चाल, 15: 9:25. प्लॉट शोधून गाडी लावायला 10: 9:15. नाशिकच्या पंचवटीतून अंबड एमआयडीसीला मोकळ्या रस्त्याने 35 मिनिटं लागतात असं तूच म्हणालास, म्हणजे 8:40. प्रवासाच्या वेळेत तिची निम्मी आणखी धरायची, 18 मिनिटं. आले 8:22. सव्वाआठला घर सोडायचं होतं, तू सव्वानऊला सोडलंस. 9:57 ला गेट, 10:12 ला ऑफिस, अर्ज भरून होईतो 10:27. तोवर आत पुढचा उमेदवार बसला होता.

गेटवर 15 मिनिटं कशाला लागतात? रजिस्टरमध्ये नाव, मोबाइल, कोणाला भेटायचं. आधार कार्ड दाखवायचं. मग वॉचमन आत फोन लावतो आणि तो फोन पहिल्या वेळी क्वचितच कोणी उचलतं. पास बनतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतं किंवा मोबाइलच जमा होतो. पाळी सुटायच्या सुमाराला गेलास तर त्याच गेटमधून शेकडो माणसं बाहेर पडत असतात. दुचाकीवर हेल्मेट नसेल तर कित्येक कंपन्या गाडी आत घेत नाहीत, मग ती बाहेर कुठेतरी लावून चालत ये. आणि एचआरचा नंबर कागदावरही लिहून ठेव. मोबाइल जमा झाल्यावर तो आठवत बसशील.

अर्जाचंही तसंच. बायोडाटा दिला तरी तो अर्ज सुटत नाही. दहावीपासूनची टक्केवारी, पास झाल्याची वर्षं, आधीचा पगार, ओळख देणाऱ्या दोघांची नावं आणि नंबर. हे सगळं एका कागदावर उतरवून नेलंस तर 15 ची 8 मिनिटं होतात. पण हिशोबात 15 च धर.

पत्ता. एकाच कंपनीचा एक प्लांट सातपूरला, दुसरा अंबडला, असं आपल्याकडे सर्रास असतं. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नकोस. प्लॉट नंबराच्या आधीचं अक्षर गाळू नकोस, तोच आकडा दुसऱ्या अक्षराखालीही सापडतो. मोबाइलचा नकाशा बऱ्याचदा मागच्या भिंतीशी नाहीतर मटेरियल गेटशी नेऊन सोडतो. म्हणून आदल्या दिवशी एकदा जाऊन ये, आणि त्याच वेळेला जा. रविवारी दुपारी द्वारका चौक ओलांडून पाहिलास तर काहीच कळत नाही. सोमवारी सकाळी पुण्याचा रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग तिथे एकमेकांत अडकलेले असतात, तेव्हा बघ. सिटीलिंकने जाणार असशील तर ज्या बसने जायचं तिच्या आधीची बस धर. सातपूरची मुलाखत श्रावणातल्या सोमवारी आली, त्यातही तिसऱ्या, तर त्र्यंबक रोडवर ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली माणसं असणार. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठचे रस्ते बंद होतात. आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, कालचा रस्ता आज तसाच मिळेल असं धरू नकोस.

फार लवकर जाऊन रिसेप्शनवर तासभर बसणंही बरं नव्हे. त्यांनाही अवघडल्यासारखं होतं. बाहेर टपरीवर थांब, चहा घे. मिसळ मात्र मुलाखतीनंतर, पांढऱ्या शर्टावरची तर्री जात नाही.

एवढं करूनही उशीर झालाच, तर 10 वाजायच्या आत फोन कर. मेसेज नको, फोन. ‘10:20 पर्यंत पोचतो, आज चालेल का, नाहीतर दुसरी वेळ द्याल का?’ एवढंच. ट्रॅफिकची कहाणी सांगू नकोस, ते त्याच रस्त्याने आलेले असतात. आणि जी वेळ सांगशील तीही उलटं मोजूनच सांग. दुसऱ्यांदा चुकलास तर संपलं.

तू म्हणशील, वीस-पंचवीस मिनिटांचं एवढं काय? समोर बसलेला प्रॉडक्शनचा माणूस लाइन सोडून आलेला असतो, एकेकाला वीस मिनिटं वाटून. तुझी वीस गेली की ती दुसऱ्याकडून काढून घ्यावी लागतात. शिवाय त्याच्याकडे पाळी बदलताना दुसरा आल्याशिवाय पहिल्याला मशीन सोडता येत नाही. तू उशिरा येतोस तेव्हा त्याला तो घरी जायला ताटकळलेला पहिला दिसतो.

मीही आमच्या कंपनीत मुलाखती घेतो, मला खडूस म्हणतात, म्हणू देत. वेळ चुकली म्हणून परत पाठवलेल्यांत एखादा उत्तम फिटर गेलाही असेल, तरी तो नियम मी बदलणार नाही. बोच एकाच गोष्टीची आहे. आम्ही मुलाखतीच्या पत्रात नुसतं ‘सकाळी 10’ लिहीत आलो. गेटवर आणि अर्जात अर्धा तास जातो, हे एका ओळीत लिहिता आलं असतं. ते लिहिलं नाही, आणि मुलांनी मात्र स्वतःहून समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवली. पण म्हणून तू सुटत नाहीस.

आता गुरुवारची सिन्नरची 11 ची मुलाखत. माळेगाव एमआयडीसी की मुसळगाव, ते आजच फोन करून विचार. माळेगाव पुणे रस्त्यावर, सिन्नरच्या अलीकडे. मुसळगाव सिन्नरच्या पुढे, शिर्डीच्या रस्त्याला. नकाशात शोधताना ‘ळ’ नीट बघ, नाहीतर यंत्रमागांच्या मालेगावला पोचशील. मोहदरी घाटात एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते, तेव्हा इथे प्रवासात निम्म्याऐवजी पाऊण वेळ जास्तीची धर.

हिशोब करून आज रात्री मला पाठव. सगळ्यात वर 11 लिही, निघायची वेळ सगळ्यात खाली.

तुझा,
काका