आधीचा आकडा काढ

प्रिय,

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.० म्हणजे नॉर्मल, मग अमिकासिन हे अँटिबायोटिक का थांबवलं, असं विचारलंयस. कारण सात दिवसांपूर्वी, सिस्प्लॅटिन ही केमो दिली त्या सकाळी, ते ०.६ होतं. लॅबने शेजारी छापलेली मर्यादा या पेशंटची नव्हे. ४८ तासांत ०.३ वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट, एवढ्यावर किडनीला इजा धरायची, १.० कागदावर कितीही साळसूद दिसो. पेशंट खंगलेला असेल तर स्नायूच उरत नाहीत, क्रिएटिनिन मुळातच कमी येतं आणि इजा आणखी लपते. म्हणून आधीचा आकडा काढ.

सिस्प्लॅटिन आणि अमिकासिन-जेंटामायसिन एकाच जागी घाव घालतात, प्रॉक्सिमल ट्यूब्यूल या किडनीतल्या सूक्ष्म नळीच्या पेशींत. तिथेच साठतात. लघवी बहुतेकदा भरपूर होत राहते, त्यामुळे आउटपुटचा चार्ट बघून तू निर्धास्त राहिलास, यात नवल नाही. पण या इजेत मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं, आणि तेच मागवलं नव्हतंस, हे मात्र चालणार नाही. त्यावर व्हँकोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा अँफोटेरिसिन (बुरशीवरचं औषध) ही किडनीला जड औषधं चढवायची वेळ आली तर क्रिएटिनिन रोज, व्हँकोमायसिनची रक्तातली लेव्हलही.

मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचं गणित निराळं. ते किडनीतूनच बाहेर पडतं आणि पेनिसिलिन, पाइप-टाझो, सिप्रो, को-ट्रायमॉक्साझोल ही अँटिबायोटिक्स त्याची वाट अडवू शकतात. हाय-डोस दिला असेल तर लेव्हल उतरेपर्यंत यांना हात लावू नकोस. लघवीचा पीएच ७ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, मेथोट्रेक्सेटवरचा उतारा, ल्युकोव्होरिन, चुकवायचं नाही.

याचा अर्थ अँटिबायोटिक लांबवायचं असा काढलास तर माझं डोकं फिरेल. ताप आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, तर पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. सेफेपिम किंवा मेरोपेनेम आहे की. फक्त पुढचे डोस किडनी बघून; सेफेपिम साठलं की पेशंट बरळतो, हातपाय झटकतो, आणि आपण मेंदूत इन्फेक्शन शोधत बसतो. जुना रिपोर्ट शोधायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ असतो. आधीचा आकडा काढ.

मला घाबरट म्हणतात, ठाऊक आहे. म्हणोत. किडनी गेली की पुढची सिस्प्लॅटिनची सायकल हातची जाते आणि ट्यूमर काही आपल्यासाठी थांबत नाही. हे मलाही उशिरा उमगलं, म्हणून हट्ट जास्त.

उद्या राउंडआधी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: केमोचं औषध, तारीख, त्या दिवशीचं क्रिएटिनिन, मॅग्नेशियम. पेनने.