पहिली डिस्क गुपचूप जाते

प्रश्न : कार्यालयाचा मेल आणि फायली एकाच लिनक्स सर्व्हरवर आहेत. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (डिस्क एकत्र बांधून एक गेली तरी माहिती टिकवायची पद्धत). एक डिस्क गेली म्हणून नवी बसवली, तर रीबिल्ड (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभारणं) मध्येच थांबला आणि सगळा ॲरेच (चारही डिस्कचा गट) बंद पडला. एक डिस्क गेली तरी चालतं ना?

उत्तर : चालतं, पण एकच. रीबिल्डच्या वेळी उरलेल्या तीन डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कचा छोटा तुकडा) शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरची मर्यादा १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एक अशी दिलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक. प्रत्यक्षात बऱ्याच डिस्क याहून चांगल्या निघतात, पण वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फायलींखाली खराब सेक्टर दडून बसतात आणि नेमके रीबिल्डला समोर येतात. तेव्हा तो सेक्टर पुन्हा बनवायला पॅरिटी (गेलेला भाग पुन्हा काढून देणारी जादा माहिती) उरलेली नसते.

आधी हे करा : नवा ॲरे ‘क्रिएट’ करू नका, जुना जबरदस्तीने जोडूही नका. प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून घेणारं साधन) प्रत काढा आणि पुढचे प्रयोग त्या प्रतींवरच करा.

नवी मांडणी करताना रेड १० किंवा रेड ६ घ्या. चार डिस्कमध्ये दोन्हींत ८ टीबीच जागा मिळते. रेड ६ कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी तगतो. रेड १० मध्ये डिस्क जोडीजोडीने एकमेकींची प्रत ठेवतात; एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर खेळ संपला, पण रीबिल्डला फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते. मेल म्हणजे हजारो बारीक फायली. बारीक लिखाणाला रेड ६ सहा वेळा डिस्कला हात लावतो, रेड १० दोनदा. म्हणून मेलसाठी आम्ही रेड १० सुचवू, जुन्या फायलींच्या साठ्यासाठी रेड ६. चारही डिस्क एकाच लॉटच्या नकोत; त्या एकाच वेळी म्हाताऱ्या होतात.

खरी गोम वेगळीच आहे. पहिली डिस्क जाते तेव्हा काहीच अडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ चालवून पाहा : चौकटी कंसात चार यू हवेत. एखाद्या यूच्या जागी खालची रेघ दिसली, तर तेवढी डिस्क ॲरेत नाही. एमडीॲडमचा (लिनक्सवर रेड सांभाळणारं साधन) मॉनिटर अशा वेळी मेल पाठवतो, पण तो मेल याच सर्व्हरवरच्या पत्त्यावर नको, बाहेरच्या पत्त्यावर हवा. त्याच्या ‘टेस्ट’ पर्यायाने एकदा मेल खरंच पोचतो का ते बघा. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणं) लावा. स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) १९७ क्रमांकाचा पेंडिंग सेक्टरचा (वाचता न आलेल्या सेक्टरचा) आकडा शून्यावर येत नसेल, तर डिस्क बदला. बाहेर काढण्याआधी सीरियल नंबर जुळवा; घाईत चांगली डिस्क उपसली की रेड ५ तिथेच बसतो.

प्रश्न : सर्व्हर दिवसभर बंद राहिला तर त्या वेळात आलेले मेल हरवतात का? दुसरा एमएक्स (डोमेनचे मेल स्वीकारणारा सर्व्हर) ठेवावा का?

उत्तर : हरवत नाहीत. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मानकानुसार निदान चार-पाच दिवस. पोस्टफिक्सचा (मेल पोचवणारा सर्व्हर प्रोग्राम) मूळ हिशेब पाच दिवसांचा आहे. बंद सर्व्हरपेक्षा अर्धवट उठलेला सर्व्हर घातक. खातेदारांची यादी लोड झाली नसताना तो ‘५५०, असा खातेदार नाही’ म्हणाला, की मेल कायमचा परत जातो. म्हणून दुरुस्ती चालू असेपर्यंत पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट_बाउन्स’ चालू ठेवा. मग कायमच्या नकाराऐवजी ‘नंतर या’ असं उत्तर जातं. काम झाल्यावर तो आठवणीने बंद करा.

दुसऱ्या एमएक्सवर खातेदारांची तीच यादी आणि तेच स्पॅम फिल्टर ठेवता येत नसतील, तर तो नकोच. स्पॅम पाठवणारे मुद्दाम मागचं दार शोधतात. त्यापेक्षा डीएनएसचे (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) दोन सर्व्हर वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवा आणि डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका : ‘असं डोमेनच नाही’ हे उत्तर मिळालं, की पाठवणारा वाट पाहत नाही, मेल लगेच परत जातो.

प्रश्न : रेड आहे, मग बॅकअप कशाला?

उत्तर : चुकून पुसलेला मेलबॉक्स सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो, आणि रॅन्समवेअरने कुलूप घातलेली फाईलही तशीच सगळीकडे लिहिली जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर. दर महिन्याला एक मेलबॉक्स वेगळ्या जागी परत उतरवून मेलची संख्या मोजा.