फळमाशी पकडायला लवंगेचं, तुळशीचं की सिट्रोनेलाचं तेल वापरावं?

तुम्ही दहिसरला राहता, उत्तनला आजोबांची आंबा-पेरूची वाडी आहे, पेरूत अळ्या पडतात आणि झाडांवर औषध मारायचं नाही, म्हणून तेलाचं विचारलंत. आमचीही गोराईला वाडी आहे, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

तेलाच्या वासावर फळमाशी येते, हे खरं. १९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेलाच्या तेलावर या माशा येतात, आणि त्यातही फक्त नर येतात, हे नोंदवलं. पुढे त्यानेच शोधून काढलं की ओढणारा खरा घटक मिथाइल युजेनॉल आहे. म्हणून कुठलंही तेल घेताना एवढंच बघायचं: त्यात मिथाइल युजेनॉल किती?

मशीद बंदरला मिळणाऱ्या लवंगेच्या तेलात मुख्यतः साधं युजेनॉल असतं. नावं जुळी वाटली तरी माशीला त्याची ओढ फारच कमी. तुळशीचं झाडागणिक बदलतं. काही तुळशींत मिथाइल युजेनॉल भरपूर, काहींत जवळपास नाहीच. पाला चुरगळून करवंटीत ठेवला तर माशा येतातही, पण वास लवकर उडून जातो. सिट्रोनेलाचंही प्रमाण प्रत्येक बाटलीत वेगळं. त्यामुळे तेलांवर पैसे घालवू नका, कृषी सेवा केंद्रातून मिथाइल युजेनॉलची तयार वडी घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच वडीवर चालतो. वडी हाताळताना हातमोजे घालाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये हा पदार्थ 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलाय.

सापळा लावलात की जरा थांबून बघा. साधारण घरमाशीएवढी, तपकिरी, पाठीवर दोन पिवळे पट्टे, कंबर गांधीलमाशीसारखी बारीक. नर वडीवर बसतो, सोंड टेकवतो आणि चाटतच राहतो. हुसकावलं तरी परत येतो. चाटलेल्या पदार्थापासून तो मादीला भुलवणारा गंध बनवतो, म्हणून त्याला एवढी हाव. (स्वयंपाकघरात केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं वेगळी. ती या वडीकडे ढुंकूनही बघत नाहीत.)

आता महत्त्वाचं. अंडी मादी घालते, आणि मादी या सापळ्यात येत नाही. डबा नरांनी भरला म्हणून फळं वाचली असं धरू नका. नर इतके कमी व्हायला हवेत की माद्यांना जोडीदारच मिळू नये. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात हे साधलं. मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक मुरवलेले तुकडे विमानातून सगळ्या बेटावर टाकले आणि माशी नाहीशी झाली. पण ते बेट होतं. तुमच्या कुंपणापलीकडच्या वाडीत गळलेले पेरू कुजत असतील, तर तिथून माद्या येतच राहणार. तेव्हा शेजाऱ्यांना बरोबर घ्या, निदान लगतच्या दोन-तीन वाड्यांत एकाच वेळी सापळे लागू द्या. मी तर म्हणेन, सापळ्याच्या आधी हे बोलणं करा.

दुसरं काम रोजचं आहे, कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. गळलेलं फळ झाडाखाली पडू द्यायचं नाही. आतली अळी पोसली की बाहेर उडी मारून मातीत शिरते, तिथे कोष करते, आणि त्यातून नवी माशी निघते. रोज सकाळी फळं वेचा, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि उन्हात तापू द्या. वरवर मातीत पुरू नका, त्यातून माशी बाहेर येते.

पेरूचा पावसाळी बहार सर्वात जास्त मार खातो. झाडं थोडीच असतील तर फळ लिंबाएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी बांधा. मादीला सालीत टोचायलाच मिळालं नाही तर आत अळी होणार कुठून? आणि वाडीत काकडी-दोडकाही असेल, तर त्यावरची माशी वेगळी, तिला ही वडी नाही, क्यू-ल्युअर या दुसऱ्या गंध-आमिषाची लागते. दुकानात मागताना पीक सांगूनच मागा.